वारा आमचा, पंखा कुणाचा?

साताऱ्याहून सज्जनगडाच्या पायथ्याने ठोसेघरला जाणारा रस्ता धबधब्यापाशी संपत नाही. तो तसाच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जातो. गेल्या आषाढात मुंबईच्या पाहुण्यांना धबधबा दाखवून झाल्यावर त्यांच्या आग्रहाखातर मी पुन्हा एकदा त्या पठारावर गेलो. धुके इतके की दहा पावलांपलीकडचा माणूस दिसू नये. अशा वेळी पवनचक्की आधी दिसत नाही, ती ऐकू येते. घूं घूं असा एक संथ आवाज डोक्यावर घुमत राहतो, मग धुक्यातून एक भलेमोठे पाते खाली उतरते आणि पुन्हा वर जाऊन नाहीसे होते. पाहुण्यांच्या छत्र्या उलट्या झाल्या, मुले खिदळली, गरम भजी आली. भजी खाता खाता पाहुण्यांतल्या एकाने सहज विचारले, ‘‘काय हो, एवढे सगळे पंखे इथल्या गावांचेच का?’’

‘‘नाही,’’ एवढेच मी म्हणालो आणि विषय बदलला. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. कारण या पंख्यांच्या गोष्टीत माझाही एक लहानसा, फारसा अभिमान वाटू नये असा वाटा आहे.

याच डोंगरभागात पुढे, पाटण तालुक्यात वनकुसवड्याचे पठार आहे. १९९९-२००० च्या सुमारास मी त्या तालुक्यातल्या एका बँकेच्या शाखेत नोकरीला होतो. पठारावर पंखे उभे राहण्याचे ते दिवस. एरवी आमच्या शाखेत पीककर्जाच्या थकबाकीखेरीज दुसरी चर्चा नसे. अचानक डोंगरावरची माणसे हातात धनादेश घेऊन खाते उघडायला येऊ लागली. एक म्हातारेबाबा मला अजून आठवतात. खिडकीतून कागद आत सारत त्यांनी विचारले, ‘‘सायेब, खडकाला पैसं देत्यात. घिऊ का?’’

‘‘घ्या की बाबा,’’ मी म्हणालो, ‘‘नाचणीशिवाय काय येतंय तिथं? विकून मोकळे व्हा.’’

बाबा मोकळे झाले. त्या पैशात नातीचे लग्न झाले, घरावर पत्रा आला, थोरल्या मुलाची मोटारसायकल आली. दोन वर्षांत खात्यात नावापुरती शिल्लक उरली. पंखा मात्र फिरतच राहिला. त्याच्याखाली रखवालदार म्हणून बाबांचा धाकटा मुलगा महिना पगारावर राहिला. ज्या जमिनीचा तो कालपर्यंत मालक होता, तिचाच. सल्ला देताना माझी नियत खोटी नव्हती. पण खडकाची किंमत मी नाचणीत मोजली होती, आणि घेणारा ती वाऱ्यात मोजत होता.

वाऱ्याचे गणित

हे वाऱ्याचे गणित तरी काय आहे? वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. त्यामुळे दोन गावांतल्या वाऱ्याच्या वेगातला थोडासा फरकही उत्पन्नात मोठा होऊन बसतो. नैऋत्य मोसमी वारा समुद्रावरून येऊन सह्याद्रीला धडकतो आणि कड्यावरून उसळून पठारावर सुसाट सुटतो. जे पठार नांगराच्या दृष्टीने निरुपयोगी, तेच वाऱ्याच्या दृष्टीने पहिल्या प्रतीचे. सांगली जिल्ह्यात शिराळ्याकडचे गुढे-पाचगणीचे पठार आणि थेट दुष्काळी पट्ट्यातला कवठेमहांकाळ तालुक्यातील ढालगावचा माळ, ही अशीच ठिकाणे.

राज्यात अपारंपरिक ऊर्जेसाठी ‘महाऊर्जा’ ही संस्था १९८५ पासून आहे. पण पठारांवर खरी गर्दी झाली ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि तिचे कारण नुसता वारा हे नव्हते. पवनचक्कीत घातलेल्या भांडवलावर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा दाखवून प्राप्तिकर वाचवण्याची सोय केंद्राने दिली होती. राज्याने विक्रीकरात सवलत दिली. म्हणजे पंखा डोंगरावर फिरायचा, पण त्याचे खरे पीक पुण्या-मुंबईच्या ताळेबंदात निघायचे. ज्याला कर भरावा लागतो त्यालाच करसवलतीचा उपयोग. नाचणीवाल्या बाबांना प्राप्तिकर कुठला? त्यामुळे या धंद्यात मालक म्हणून शिरण्याचे दारच त्यांच्यासाठी नव्हते.

या धोरणाला केवळ नावे ठेवणे न्यायाचे होणार नाही. सवलती नसत्या तर त्या काळी एवढे महाग यंत्र कोणी उभे केले नसते. १९९५ मध्ये पुण्यात सुरू झालेली तुलसी तांती यांची ‘सुझलॉन’ जगभर पोहोचली, तिच्या वाढीत या पठारांचा हिस्सा आहे. राज्य वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये पवनऊर्जेचा दर युनिटला साडेतीन रुपये आणि दरवर्षी पंधरा पैशांची वाढ असा तेरा वर्षांसाठी ठरवून दिला, त्याने धंद्याला स्थैर्य आले. आज महाराष्ट्राची पवनऊर्जा क्षमता पाच हजार मेगावॉटच्या पुढे आहे. देशाची २०२५ मध्ये पन्नास हजारांवर गेली आणि जगात आपला क्रमांक चौथा लागतो. पण सवलतीवर वाढलेले रोप सवलत काढली की माना टाकते. घसाऱ्याची सवलत २००२ मध्ये ऐंशी टक्क्यांवर आली, २०१२ मध्ये पंधरावर, २०१४ मध्ये पुन्हा ऐंशीवर, आणि २०१७ पासून चाळीसवर. धोरणाचा पंखा असा उलटसुलट फिरला की गुंतवणूक थांबते, हे आपल्या राज्याने अनुभवले. २०१७ पासून दर लिलावाने ठरू लागले आणि नवे मोठे प्रकल्प गुजरात, कर्नाटक, तमिळनाडूकडे अधिक वळले.

ढग पळवणारे पंखे

माझे मूळ गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. ओळीने दुष्काळ पडत होता त्या वर्षी सुटीला गेलो, तर पारावर एकच विषय: ‘‘पंख्यांनी ढग पळवलं.’’ ढगातला पाऊस पंखे उधळून लावतात, म्हणून आपल्याकडे पाणी पडत नाही, अशी पक्की समजूत. मी शिकलेला माणूस. शास्त्र सांगू लागलो. पंख्याचे पाते जमिनीपासून फार तर शंभरेक मीटर वर जाते, पावसाचे ढग सहसा त्याच्या कितीतरी वर असतात. कवठेमहांकाळ, जत, आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. सह्याद्री ओलांडतानाच ढगांचे बहुतेक पाणी पडून जाते. पंखे येण्यापूर्वी १९७२ चा दुष्काळ काय कोणी पंख्याने आणला होता?

सगळ्यांनी ऐकून घेतले आणि कोणालाच पटले नाही. तेव्हा मला त्यांच्या अडाणीपणाचा राग आला होता. आज वाटते, शास्त्र त्यांचे चुकले होते, दुखणे खरे होते. आपल्या डोक्यावरून काहीतरी जाते आहे आणि आपल्या पदरात पडत नाही, हे त्यांना कळत होते. ते काय, याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. म्हणून त्यांनी ‘ढग’ म्हटले.

हे दुखणे आपल्याकडे नवे नाही. कोयनेपासून ते सुरू होते. पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयनेचे पाणी अडवून, सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला सोडून १९६२ पासून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात वीज होऊ लागली. आज कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्राचे कारखाने तिच्यावर वाढले. ते काम थोर होते, यात शंका नाही. पण ज्यांची गावे शिवाजीसागरात गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनंतरही पुरते सुटलेले नाहीत. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्याकडे नुसती म्हण राहिली नाही.

सरड्याची साक्ष

या पठारांवर आणखी एक रहिवासी आहे. विणीच्या दिवसांत गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून मादीला खुणावणारा सरडा. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या नव्या कुळाला आपलाच मराठी शब्द दिला: ‘सरडा’. चाळकेवाडीला सापडणारी त्यातली जात म्हणजे ‘सरडा सुपर्बा’. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी चाळकेवाडी पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी आढळले. शिकारी नाही म्हटल्यावर सरडे वाढले; पण दाटीमुळे ते रोडावले, नरांचे रंग फिके पडले आणि माणूस जवळ आला तरी ते पूर्वीइतके बिचकेनासे झाले. म्हणजे त्या पठारावर पंख्याने जणू ससाण्याची जागा घेतली.

याचा अर्थ पवनऊर्जा वाईट असा नव्हे. कोळशाच्या एका खाणीने जंगलाचे जे होते त्यापुढे हे काहीच नाही, आणि कोळशाच्या धुराने तापणाऱ्या हवेचा फटका आपण पाहतोच आहोत. २०१९ मध्ये सांगलीच्या बाजारपेठेत होड्या चालल्या. अर्थ एवढाच की फुकट ऊर्जा असे जगात काही नसते. कोणी ना कोणी किंमत देतो. ती कोण देणार, हे आधी विचारले पाहिजे. कासच्या पठाराची फुले जगाच्या वारशात गेली, ती खडकाळ सड्यावरचीच. ‘पडीक’ हा शब्द वापरण्यापूर्वी तिथे कोण राहतो ते पाहावे.

आता सूर्याची पाळी

पाणी झाले, वारा झाला. आता सूर्याची पाळी आहे. सूर्याची गोष्ट एका बाबतीत निराळी आहे. कोयनेचे धरण गावाला बांधता येत नाही, पवनचक्की शेतकऱ्याला परवडत नाही. पण सौरपट्टी घराच्या पत्र्यावर बसते. २०१० च्या सुमारास सौरविजेचा दर युनिटला सतरा-अठरा रुपये धरला जाई. २०१७ मध्ये राजस्थानात भाडल्याला तो लिलावात दोन रुपये चव्वेचाळीस पैशांवर आला. सात वर्षांत एवढी स्वस्त झालेली दुसरी वस्तू मला तरी आठवत नाही.

याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. ज्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याचे पंखे आहेत, त्याच तालुक्यात मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. प्रत्येक घरावर पट्ट्या, पाणीपुरवठा आणि पथदिवेही सौरविजेवर. एक किलोवॉटच्या पट्ट्या महिन्याला शंभर ते सव्वाशे युनिट देतात. साध्या घराला ते पुरतात. २०२४ च्या ‘सूर्यघर’ योजनेत एका किलोवॉटला तीस हजार, दोनला साठ आणि तीन किंवा अधिकला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान आहे. एकाच तालुक्यातली ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकीकडे डोंगराएवढी यंत्रे आणि गावाच्या वाट्याला रखवाली. दुसरीकडे पत्र्यावरच्या लहानशा पट्ट्या आणि वीजबिलाचा कागद कोरा. मला फरक यंत्राच्या आकारात दिसत नाही, मालकीत दिसतो.

सांगलीकडे पाहिले तर विजेचा प्रश्न म्हणजे पाण्याचाच प्रश्न. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर उचलून दुष्काळी तालुक्यांना देतात आणि विजेचे प्रचंड बिल करतात. त्यातला ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी उचलायचा, असा तोडगा काढावा लागला. म्हैसाळ योजना सौरविजेवर नेण्याचा प्रकल्प आता हाती घेतला गेला आहे. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे, हेही मोठे सुख. मात्र सौरपंपाला बिल नाही म्हणून दिवसभर उपसा चालला, तर जत-आटपाडीच्या भूगर्भात उरलेले पाणी किती टिकेल, याचाही विचार करावा लागेल.

आणखी एक गोष्ट मनाशी ठेवावी. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेत जीवाश्म इंधनांखेरीजच्या साधनांचा वाटा निम्म्यावर गेला, ही अभिमानाची बाब. पण क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे; प्रत्यक्ष विजेचा बहुतांश भाग अजूनही कोळशाचाच. सूर्य संध्याकाळी मावळतो, आणि आपले दिवे तेव्हाच लागतात. सुदैवाने आमच्याकडे वारा सर्वांत जोरात असतो तो पावसाळ्यात, सूर्य ढगाआड असतो तेव्हा. दोघे एकमेकांची सुटी भरून काढतात. साठवणीसाठी दिवसाच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि रात्री खाली सोडून वीज करायची, असे उदंचन प्रकल्प सह्याद्रीत येऊ घातले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या जागाही त्यात आहेत. चाळकेवाडी-वनकुसवड्याची पहिली लहान यंत्रे आता म्हातारी झाली. त्यांच्या जागी कमी संख्येने मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण केंद्राने २०२३ मध्ये आणले. म्हणजे डोंगरावर पुन्हा एकदा करारमदार होणार, नवे कागद येणार, आणि कोणी म्हातारेबाबा पुन्हा कोणाला तरी विचारणार: घेऊ का?

सहकार वाऱ्यापाशी का अडला?

मला राहून राहून एका गोष्टीचे नवल वाटते. हे दोन जिल्हे सहकाराचे. वसंतदादांनी सांगलीत साखर कारखाना उभा केला तेव्हा शेतकऱ्यांकडे तरी भांडवल कुठे होते? हजारो लोकांच्या भागांतून चिमणी उभी राहिली. उसाच्या चिपाडापासून वीज करून विकणारे कारखानेही आपल्याकडे आहेत. मग हीच माणसे वाऱ्याच्या वेळी कुठे गेली? तिकडे डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या समुद्रात २००० मध्ये वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यातल्या निम्म्या आठ हजारांहून अधिक सामान्य नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीच्या. जे त्यांनी समुद्रात केले, ते आम्हाला आमच्याच माळावर सुचले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सहकाराचेही पुढे काय काय झाले, ते वाचकांना मी सांगायला नको. तरीही कारखान्याच्या सभेत सभासद उठून प्रश्न तरी विचारू शकतो. पंख्याला प्रश्न विचारायची सोय नाही. कल्पक माणसांचाही आपल्याकडे तोटा नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी अमेरिकेतून परतून १९८१ पासून गावाला परवडेल अशा ऊर्जेवर काम करीत आले. गोड ज्वारीपासूनच्या मद्यार्कावर चालणारी शेगडी तिथे घडली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बुद्धी इथली, वारा इथला, ऊन इथले. मालकीच तेवढी इथली नाही.

हे सगळे आज लिहिण्याचे निमित्त असे की, महिन्यापूर्वी गावाहून चुलतभावाचा फोन आला. ‘‘आण्णा, सौरवाली माणसं आल्याती. उपकेंद्राजवळची आपली माळाची जमीन मागत्यात. एक जण म्हणतोय भाड्यानं द्या, दुसरा म्हणतोय विकूनच टाका, रोख देतो. काय करू?’’

पंचवीस वर्षांनी तोच प्रश्न. या वेळी मी उत्तर द्यायची घाई केली नाही. शासनाच्या सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ आहे, हे त्याला सांगितले. जमीन विकायची नाही, एवढे निक्षून सांगितले. कराराची मुदत किती, मुदत संपल्यावर लोखंड आणि काँक्रीट कोण उचलणार, माळाच्या कडेने जाणारी मेंढपाळांची वाट मोकळी राहणार की नाही, हे कागदावर लिहून घ्यायला सांगितले. आणि शेजारच्या दहा-बारा खातेदारांना एकत्र बसवून, आपलीच संस्था काढून थोडा भाग स्वतःच्या मालकीचा उभा करता येईल का, हे विचारायला सांगितले.

‘‘एवढं कोण करत बसतंय, आण्णा?’’ तो म्हणाला.

‘‘मी येतो,’’ म्हणालो.

येत्या अमावास्येला शेतकामाची सुटी असते, त्या दिवशी बैठक ठरली आहे. किती जण येतील ते ठाऊक नाही. कराराचा मसुदा मराठीत मागवला आहे आणि तांबड्या पेन्सिलीने खुणा करीत मी तो रोज थोडाथोडा वाचतो आहे. एका खडकाची किंमत चुकली होती. दुसऱ्या माळाची चुकू नये, एवढीच खटपट आहे.